शालेय स्वयंशासन आणि श्रमसेवा : शांतिनिकेतन, अमळनेर व सातारा येथील प्रयोगांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा ५ सप्टेंबर हा जन्मदिवस १९६२ पासून शिक्षक दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रातील अनेक माध्यमिक शाळांत याच दिवशी ‘स्वयंशासन दिन’ साजरा होतो. दहावीतील एखादा विद्यार्थी मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसतो, काही मुली साडी नेसून खालच्या वर्गांवर तास घेतात, एखादा मुलगा शिपाई होऊन घंटा देतो. शाळा सुटण्यापूर्वी छोटेखानी समारंभात मनोगते व्यक्त होतात आणि दुसऱ्या दिवशी सारे पूर्ववत सुरू होते. अशीच एक प्रथा बंगालमधील शांतिनिकेतनात आहे. तेथे दरवर्षी १० मार्चला ‘गांधी पुण्याह’ पाळतात. त्या दिवशी स्वयंपाकी व सफाई करणाऱ्यांना सुटी दिली जाते आणि त्यांची कामे विद्यार्थी व अध्यापक करतात.

या दोन प्रथांचा उगम वेगळा असला तरी त्यांत एक साम्य आहे. विद्यार्थ्यांनी आपली शाळा स्वतः चालवावी हा विचार दोन्ही ठिकाणी वर्षातील एका दिवसापुरता उरला आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र हा विचार रोजच्या व्यवहारात उतरविण्याचे गंभीर प्रयत्न झाले होते. शांतिनिकेतन, अमळनेर आणि सातारा येथील तीन प्रयोगांचा परामर्श घेऊन त्यांपैकी कोणता टिकला, कोणता विरला आणि त्याची कारणे कोणती, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. ‘विद्यार्थी परिषद’ आणि ‘स्वयंसेवा’ या आज परस्परांपासून अलग झालेल्या दोन बाबी मुळात एकाच प्रक्रियेची दोन अंगे होती, हे या विवेचनातून स्पष्ट होईल.

१. पूर्वपीठिका : मॉनिटर आणि प्रतिनिधी

शाळेच्या कारभारात विद्यार्थ्याला स्थान देण्याची कल्पना भारताला अपरिचित नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासजवळील एग्मोर येथील अनाथालयाचे काम पाहताना अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली. त्यावरून त्यांनी थोरल्या मुलांकडून धाकट्यांना शिकविण्याची पद्धत आपल्या संस्थेत रूढ केली. १७९७ मध्ये त्यांनी तिचा वृत्तान्त लंडनमध्ये प्रसिद्ध केला आणि ‘मद्रास पद्धती’ या नावाने ती इंग्लंडमध्ये पसरली. मराठी शाळांतील ‘मॉनिटर’ हा शब्द याच परंपरेतून आला आहे. पुढे इंग्लंडमधील रग्बी शाळेत मुख्याध्यापक थॉमस अर्नोल्ड यांनी १८२८ नंतर ज्येष्ठ विद्यार्थ्यांकडे शिस्तीची सूत्रे सोपविली. त्या नमुन्याचे अनुकरण भारतातील निवासी शाळांनीही केले.

या दोन्ही पद्धतींत विद्यार्थ्याला अधिकार मिळत असे. परंतु तो शिक्षकाने दिलेला व शिक्षकाच्या वतीने वापरायचा अधिकार होता. मॉनिटर वर्गाचे म्हणणे गुरुजींकडे नेत नसे, तर गुरुजींची आज्ञा वर्गापर्यंत पोहोचवीत असे. फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहिणारा मॉनिटर मराठी माणसाच्या शालेय आठवणींत आजही आहे, तो याच अर्थाने. विद्यार्थी हा विद्यार्थ्यांना उत्तरदायी असावा, ही कल्पना यापेक्षा वेगळी होती. भारतात तिला आकार मिळाला तो सरकारी शाळांच्या बाहेर.

२. शांतिनिकेतन : १९१५ चा प्रयोग

रवींद्रनाथ ठाकूर यांनी डिसेंबर १९०१ मध्ये शांतिनिकेतन येथे अगदी मोजक्या मुलांना घेऊन ब्रह्मचर्याश्रम सुरू केला. काही वर्षांतच तेथे विद्यार्थ्यांच्या स्वयंशासनाची घडी बसू लागली. तेथील अध्यापक विल्यम पिअर्सन यांनी १९१६ मध्ये या शाळेवर पुस्तक प्रसिद्ध केले. शारीरिक शिक्षेचा अभाव, मुलांनी निवडलेले नायक, मुलांच्या अपराधांचा निवाडा करणारी मुलांचीच सभा यांमुळे ही शाळा समकालीन शाळांहून वेगळी ठरली होती. थोरली मुले आश्रमातील नोकरांना व आसपासच्या खेड्यांतील मुलांना शिकवीत. तेथे प्रतिनिधित्व आणि सेवा या दोहोंचा आरंभ झालेला होता. स्वयंपाक, भांडी व सफाई ही कामे मात्र पगारी माणसांकडेच होती.

दक्षिण आफ्रिकेतील फिनिक्स वसाहतीतील मुलांची तुकडी १९१४ च्या अखेरीस मगनलाल गांधी यांच्यासमवेत शांतिनिकेतनात येऊन राहिली. ही मुले आपली सर्व कामे स्वतः करीत. १७ फेब्रुवारी १९१५ रोजी गांधीजी तेथे पोहोचले. दोनच दिवसांनी गोपाळ कृष्ण गोखले यांचे निधन झाल्याने ते पुण्यास गेले आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात परत आले. आश्रमात त्या वेळी दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर हे साताऱ्यात जन्मलेले मराठी शिक्षक वास्तव्यास होते. बडोदे संस्थानातील गंगनाथ विद्यालयात असताना मिळालेल्या ‘काका’ या नावानेच ते पुढे सर्वत्र ओळखले गेले. स्वयंपाकाच्या नव्या प्रयोगात त्यांचा व त्यांचे सहकारी हरिहर शर्मा यांचा मोठा वाटा होता.

पगारी स्वयंपाकी न ठेवता अध्यापक व विद्यार्थ्यांनीच स्वयंपाक करावा, अशी सूचना गांधीजींनी केली. अध्यापकांची संमती असल्यास आपली हरकत नाही, अशी भूमिका रवींद्रनाथांनी घेतली आणि या प्रयोगात स्वराज्याची किल्ली असल्याचे मुलांना सांगितले. १० मार्च रोजी कामास आरंभ झाला. भाजी चिरणारा एक गट झाला, धान्य निवडणारा दुसरा. स्वयंपाकघर व परिसराच्या स्वच्छतेची जबाबदारी नगेनबाबू व इतर काही जणांनी पत्करली. पिअर्सन यांनी मोठी भांडी घासण्याच्या कामात स्वतःला झोकून दिले. भांडी घासणाऱ्यांना कंटाळा येऊ नये म्हणून काही मुले जवळ बसून सतार वाजवीत. सुमारे सव्वाशे मुले आणि त्यांचे अध्यापक या कामात गुंतले होते.

परंतु थकव्याची चिन्हे दिसायला फार दिवस लागले नाहीत. गांधीजी लवकरच पुढच्या प्रवासास निघाले आणि काही काळाने प्रयोग थांबला. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत त्याच्या समाप्तीची नोंद खंत न करता घेतली आहे. अल्पकाळ चालूनही संस्थेचे त्यात काही नुकसान झाले नाही, असेच त्यांचे मत होते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र येथे थांबून एक प्रश्न विचारावा लागतो. नायकांची निवड आणि मुलांची न्यायसभा या गोष्टी तेथे रुजल्या होत्या, मग स्वयंपाकघर का टिकले नाही? उत्तर साधे आहे. न्यायसभेला पर्याय नव्हता, स्वयंपाकघराला होता. पगारी स्वयंपाकी परत बोलावता येत होते. ज्या कामाला पर्याय हाताशी असतो, ते काम उत्साहाच्या बळावर सुरू होते आणि उत्साह ओसरला की संपते.

३. अमळनेर : छात्रालयातील संस्कार

पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, १९२४ मध्ये खानदेशातील अमळनेर येथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि तेथे त्यांनी आपल्या शिक्षणविचाराची प्रत्यक्ष मांडणी केली. मुलांनी अंथरुणे आवरली नाहीत, कपडे तसेच टाकले, खोल्या अस्वच्छ ठेवल्या, तर रागावण्याऐवजी गुरुजी ती कामे स्वतः करीत. मुलांना संकोच वाटे व ती कामास लागत. ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक ते मुलांसाठी काढीत. त्यात वसतिगृहातील घडामोडींपासून देशविदेशातील विचारांपर्यंत अनेक विषय येत. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले.

अमळनेरच्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या मतदानाला वा पदांना केंद्रस्थान नव्हते. शिक्षकाचे वर्तन हेच येथे नेतृत्वाच्या शिक्षणाचे साधन होते. सेवा ही आज्ञेने करवून घेता येत नाही, ती पाहून उचलली जाते, हे गुरुजींनी सिद्ध केले. पुढे त्यांनी मांडलेल्या ‘आंतरभारती’च्या कल्पनेमागे रवींद्रनाथांच्या विश्वभारतीची प्रेरणा होती, हे लक्षात घेतल्यास शांतिनिकेतन व अमळनेर यांच्यातील वैचारिक धागा स्पष्ट होतो. १९४१ मध्ये एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली नव्या स्वरूपात उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाशीही गुरुजींचे नाते अत्यंत जिव्हाळ्याचे होते. शाळेबाहेरील या संघटनेने किशोरवयीन मुलामुलींना सेवेची आणि नेतृत्वाची संधी दिली.

या प्रयोगाची मर्यादाही त्याच्या सामर्थ्यातच होती. १९३० मध्ये गुरुजींनी शाळेचा राजीनामा दिला आणि ते सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या मनांवरील संस्कार आयुष्यभर टिकला. परंतु अशा शिक्षकावर आधारलेली व्यवस्था शिक्षकाबरोबरच शाळेचा उंबरठा ओलांडते. व्यक्तीच्या तळमळीचे संस्थेच्या नियमात रूपांतर करण्याचा प्रश्न अमळनेरने सोडविला नाही. तो सोडविण्याइतका अवधीही त्याला मिळाला नाही.

४. सातारा : गरज आणि स्वावलंबन

भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. सत्यशोधक विचारांचे संस्कार आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून गावोगाव केलेली भ्रमंती या दोहोंतून शेतकऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणाची निकड त्यांना जाणवली होती. १९२४ मध्ये संस्थेचे कार्यस्थान साताऱ्यास आले व तेथील वसतिगृहात विविध जातींची मुले एकत्र राहू लागली. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींनी या वसतिगृहास भेट दिली आणि त्यांच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. शांतिनिकेतनातील प्रयोगानंतर बारा वर्षांनी गांधीजींना येथे सर्व जातींची मुले एकत्र राहून एकाच पंक्तीत जेवताना दिसली.

साताऱ्यातील श्रमाचे स्वरूप शांतिनिकेतनाहून मूलतः भिन्न होते. येथे पर्यायच नव्हता. संस्थेकडे पैसा नव्हता आणि मुलांच्या घरीही नव्हता. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने आणि अखेर मंगळसूत्रही दिले, ही घटना महाराष्ट्रास सुपरिचित आहे. अशा स्थितीत स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणे, शेतीची मशागत आणि इमारतींचे बांधकाम ही सर्व कामे मुलांनाच करावी लागत. पन्नास मुलांची भाकरी रोज वेळेवर तयार व्हायची असेल, तर कुणाला तरी पाळ्या लावाव्या लागतात, धान्य मोजून द्यावे लागते, शेतावर कोण व दळणाला कोण हे ठरवावे लागते आणि चुकारपणा करणाऱ्याला जाब विचारावा लागतो. नेतृत्वाचे शिक्षण येथे कामाच्या ओघातच मिळे. आपली पाळी चुकविणाऱ्या मुलामुळे उरलेले सगळे उपाशी राहणार असतील, तर उत्तरदायित्व म्हणजे काय हे व्याख्यानाने समजावून सांगावे लागत नाही.

त्यात जातीचा प्रश्न गुंतलेला होता, हे विशेष. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोण कोणत्या पंक्तीत बसतो, यावर गावांचे व्यवहार उभे होते. त्या काळात अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलासह सर्वांनी स्वयंपाकाची पाळी घेणे व सर्वांनी ती भाकरी खाणे हा समतेचा रोजचा धडा होता. निवडणुकीतून समान मताचा हक्क मिळतो. एका चुलीवरून समान माणुसकीचा अनुभव मिळतो. साताऱ्याने दुसऱ्यावर भर दिला.

जून १९४० मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कूलने या पद्धतीला माध्यमिक शाळेचे औपचारिक रूप दिले. विनामूल्य आणि निवासी अशा या शाळेत मुलांनी श्रमाच्या मोबदल्यात शिकावे, अशी योजना होती. ‘कमवा आणि शिका’ या नावाने ती पुढे सर्वत्र परिचित झाली. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले आणि हीच पद्धत महाविद्यालयीन स्तरावर पोहोचली. १९३५ मध्ये सुरू केलेल्या अध्यापक विद्यालयातून प्रशिक्षित झालेले तरुण ग्रामीण शाळांत गेले. एका शाळेत मिळालेल्या वळणाला दुसऱ्या शाळेत नेण्याचे माध्यम अशा रीतीने संस्थेने निर्माण केले. ९ मे १९५९ रोजी भाऊरावांचे निधन झाले, तरी संस्थेचे काम थांबले नाही.

या प्रयोगाचे उदात्तीकरण करणे मात्र योग्य होणार नाही. मुलांचे श्रम ही दारिद्र्याची अपरिहार्यता होती आणि सुखवस्तू घरांतील मुलांना त्याच शिक्षणासाठी दगड फोडावे लागत नव्हते, ही विषमता नजरेआड करता येत नाही. भाऊराव हे वसतिगृहाचे कुटुंबप्रमुख होते व त्यांचा शब्द अखेरचा असे. कामाची सूत्रे मुलांकडे असली तरी धोरणाची सूत्रे त्यांच्याकडेच होती. शांतिनिकेतनातील मुलांना न्यायनिवाड्यात जो आवाज होता, त्याच्याशी तुलना केल्यास साताऱ्याचे स्वयंशासन औपचारिक अर्थाने तोकडे ठरते. आशयाच्या दृष्टीने मात्र ते अधिक सखोल होते.

५. तिन्ही प्रयोगांचे तुलनात्मक आकलन

शांतिनिकेतनाने मुलांना मत दिले, अमळनेरने आदर्श दिला आणि साताऱ्याने जबाबदारी दिली. मत असूनही श्रमाची अपरिहार्यता नसल्याने पहिल्या ठिकाणचा स्वयंपाकघराचा प्रयोग स्मरणदिनात रूपांतरित झाला. आदर्श असूनही संस्थात्मक चौकट नसल्याने दुसरा प्रयोग विद्यार्थ्यांच्या आठवणींत व शाळेबाहेरच्या चळवळीत जगला. जबाबदारी खरी असल्याने तिसरा प्रयोग संस्था, योजना आणि शिक्षक यांच्या रूपाने विस्तारला. यावरून असे म्हणता येते की, विद्यार्थी नेतृत्व टिकण्यासाठी चांगली कल्पना पुरेशी नसते. विद्यार्थ्यांकडे सोपविलेले काम न झाल्यास शाळेचे खरोखर अडले पाहिजे, ही त्याची किमान अट आहे.

६. स्वातंत्र्योत्तर धोरण : परिषद आणि सेवा यांची फारकत

स्वातंत्र्यानंतर शासनाने या दोन्ही अंगांची दखल घेतली. डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ च्या अहवालात चारित्र्यशिक्षणाचा विचार करताना विद्यार्थ्यांच्या स्वयंशासनाचा आणि स्काउट, राष्ट्रीय छात्रसेना, रेडक्रॉस यांसारख्या उपक्रमांचा पुरस्कार केला. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने समाजसेवेला शिक्षणाच्या सर्व स्तरांवर स्थान देण्याची शिफारस केली. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० स्वयंसेवकांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली.

शिफारसी योग्य होत्या. अंमलबजावणीत मात्र एक मूलभूत बदल घडला. प्रतिनिधित्वाची व्यवस्था एका बाजूस गेली आणि सेवेची दुसऱ्या बाजूस. सेवेसाठी स्वतंत्र योजना, स्वतंत्र कार्यक्रमाधिकारी, ठरावीक तास व प्रमाणपत्र अशी रचना झाली. महाराष्ट्र विद्यापीठ कायदा, १९९४ अन्वये महाविद्यालयीन विद्यार्थी परिषदेतील वर्गप्रतिनिधी आधीच्या परीक्षेतील गुणवत्तेवरून ठरू लागले. क्रीडा, सांस्कृतिक कार्य, छात्रसेना व राष्ट्रीय सेवा योजना यांतील विद्यार्थ्यांना नामनिर्देशनाने जागा मिळाली. निवडणुकीतील हिंसाचार आणि राजकीय हस्तक्षेप टाळणे हा त्यामागील हेतू समजण्यासारखा होता. तथापि ज्याला सर्वाधिक गुण तोच प्रतिनिधी, या सूत्राने प्रतिनिधी पुन्हा मॉनिटरच्या जवळ गेला. २००६ मध्ये लिंगडोह समितीने निवडणुकांसाठी आचारसंहिता सुचविली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे कायदा, २०१६ ने प्रत्यक्ष निवडणुकीची तरतूद केली. तथापि गुणवत्ता की निवडणूक, एवढ्यापुरताच हा वाद राहिला. निवडून आलेल्या वा नेमलेल्या प्रतिनिधीने नेमके कोणते काम सांभाळायचे, हा प्रश्न त्यात मागे पडला.

माध्यमिक शाळांचे चित्र याहून वेगळे नाही. शालेय मंत्रिमंडळाचा शपथविधी थाटात होतो. सफाईमंत्री, क्रीडामंत्री, सांस्कृतिक मंत्री नेमले जातात. पण सफाईमंत्र्याच्या हाती झाडूंची संख्या ठरविण्याचाही अधिकार नसेल, तर मंत्रिपद हे छातीवरच्या बिल्ल्यापुरतेच राहते.

समारोप

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने ‘कमवा व शिका’ योजना विद्यापीठ स्तरावर राबविली जाते. तीतील विद्यार्थी ग्रंथालयात पुस्तके लावतात, बाग राखतात, कार्यालयातील नोंदी ठेवतात. त्याच महाविद्यालयात विद्यार्थी परिषदही असते. या दोहोंच्या नस्ती वेगळ्या, बैठका वेगळ्या आणि बहुधा विद्यार्थीही वेगळे असतात. गरजू विद्यार्थी काम करतो आणि गुणवान वा लोकप्रिय विद्यार्थी प्रतिनिधित्व करतो. साताऱ्याच्या वसतिगृहात हे दोघे एकच होते. गेल्या शतकातील प्रयोगांचा सर्वांत मोठा धडा हरवला आहे तो नेमका येथे.

हा धडा पुन्हा आत्मसात करण्यासाठी दारिद्र्याची पुनरावृत्ती करण्याची गरज नाही. ग्रंथालयाच्या वेळा, वसतिगृहाची खानावळ, मैदानाची निगा किंवा वाचनालयासाठीच्या वर्गणीचा हिशेब यांपैकी एखादे काम पूर्णतः विद्यार्थ्यांच्या निवडलेल्या मंडळाकडे द्यावे, त्यासाठीची रक्कम त्यांच्या हाती द्यावी, वर्षअखेरीस त्यांनी आपल्या सहाध्यायांपुढे हिशेब मांडावा आणि चुकल्यास ती चूक त्यांनीच निस्तरावी, एवढे केले तरी परिषद व सेवा यांची फारकत कमी होईल. अध्यापकांना यासाठी एक जोखीम पत्करावी लागेल : काही दिवस भाजी कच्ची राहील, काही पुस्तके चुकीच्या कपाटात जातील. १९१५ मध्ये रवींद्रनाथांनी अध्यापकांच्या संमतीवर प्रयोगाचा निर्णय सोपविला होता. शालेय व महाविद्यालयीन स्वयंशासन एका दिवसाचे राहावे की वर्षभराचे व्हावे, हा निर्णय आजही मुख्यतः अध्यापकांच्याच हाती आहे.